तिने काही खाल्लं नव्हतं

ऑपरेशनच्या खोलीचं दार ढकलून सिस्टर बाहेर आली, तेव्हा तिच्या हिरव्या झग्यावर छातीपासून खालपर्यंत भगर सांडलेली होती. अर्धी चावलेली, शेंगदाण्याच्या आमटीत कालवलेली. वास आंबूस होता. ती भगर मी माझ्या हाताने शिजवली होती, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

"आजी, कोण म्हणलं ही उपाशी हाये म्हणून?" ती ओरडली. "हिनं काय खाल्तं? जल्दी सांगा."

"काही न्हाई खाल्लं," मी म्हणाले. "उपास हाये तिला."

तिने झग्याकडे बोट केलं. "मंग हे काय हाये?"

"भगर हाये."

सिस्टर जालन्याचीच पोरगी होती. तिच्या घरीही हेच चालत असणार. तिच्या तोंडावरचा राग गेला आणि त्या जागी भीती आली. "सगळं फुप्फुसात गेलंय तिच्या," एवढं म्हणून ती परत आत पळाली. दार हलत राहिलं. आत माझी सून होती.

मुलगा माझ्या शेजारी बाकड्यावर बसला होता. तो म्हणाला, "माय, काय झालं?" मी म्हणाले, "भगर वर आली." त्याला त्यात घाबरण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. मलाही पुरतं कळलं नव्हतं. उलटी माणसाला होते, आणि झाली की बरं वाटतं, एवढंच आम्हाला ठाऊक. भूल दिलेल्या माणसाला गिळता येत नाही, खोकता येत नाही, वर आलेलं तोंडातून बाहेर पडायच्या ऐवजी श्वासाच्या नळीत उतरतं, हे आम्हाला नंतर समजावून सांगितलं.

आमचं घर परतूरला. मुलगा बाजार समितीत एका आडत दुकानावर कामाला आहे. सून मंठ्याची, बी.ए. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा घर सांभाळत होती, पण तिचं त्यात मन नव्हतं. माणसाचं मन नसलं की भांडी जास्त वाजतात. मीच मुलाला म्हणाले, हिला कुठं तरी लाव. मग गावातल्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गावर तिला घेतलं. तात्पुरतं. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत इंग्रजी सुधारलं तर पक्कं करू, नाही तर दुसरी बघू. लेकरांपुढे तिचं भागायचं. पालक आले की तिची जीभ अडायची.

म्हणून तिने मोबाइलच्या दुकानावरच्या माडीवर इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला. तिथला मास्तर तिच्याहून वयाने लहान. तो आठवड्याला एक क्रियापद द्यायचा आणि ते सगळ्या काळांतून फिरवून आणायला सांगायचा. जाण्याचं झालं, येण्याचं झालं, मग खाण्याचं आलं. ती भाकरी थापता थापता म्हणायची, आय हॅड इटन, यू हॅड इटन, शी हॅड इटन. मी उंबऱ्याजवळ डाळ निवडत बसलेली असायचे.

एकदा मी विचारलं, "हे काय सारखं सारखं म्हणून राह्यली?"

"खाल्लं होतं, असं म्हणते, आत्याबाई."

"मंग एकदा म्हण. आम्हाला कळलं."

ती हसली. म्हणाली, "तसं न्हाई. एक गोष्ट झाली, अन् तिच्या आधीच दुसरी होऊन गेलती, तर त्या आधीच्या गोष्टीला हॅड लावायचं. आता बघा, मी घरी आले, त्याच्या आधीच मांजरानं लोणी खाल्तं. द कॅट हॅड इटन द बटर बिफोर आय केम होम."

"कोणाचं मांजर?"

"कोणाचंबी धरा."

"कोणाचंबी कसं धरू? शेजारणीचं असंल तर जाऊन सांगावं लागंल."

"आत्याबाई, मांजर न्हाईच हाये. वाक्य हाये."

"इंग्रजीत सांगून लोणी परत येतं का?"

"नोकरी पक्की होईल," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

मला ते बरं वाटलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला ऐकून ऐकून जेवढं कळावं तेवढं मला कळायला लागलं होतं. हॅड इटन हे दोन शब्द तर मला कुठेही ओळखता आले असते. पुढे पुढे तर मीच तिला विचारायचे. "मी?" म्हटलं की तिने "आय हॅड इटन" म्हणायचं. "ती?" म्हटलं की "शी हॅड इटन". नाही म्हणायचं असेल तर मध्ये नॉट घालायचं. एकदा पिठाच्या डब्याला हात घालताना ती न अडखळता सगळं उलटसुलट म्हणून गेली. त्या दिवशी तिने स्वतःहून दोन भाकरी जास्त केल्या.

नवरात्र बसलं. आमच्या घरी उठता-बसता उपास असतो, पहिला दिवस आणि शेवटचा. सुनेच्या माहेरी नऊ दिवस धरतात. लग्नानंतरही तिने ते सोडलं नाही, आणि मी सोड म्हणाले नाही. कोणाच्या देवाच्या मध्ये मी पडत नाही. शाळा सकाळची, त्यामुळे ती घरी यायच्या आधी तिची भगर आणि आमटी मी करून ठेवायचे.

त्या दिवशी ती आली, बसली आणि पोटभर जेवली. जेवली असं मी आज लिहिते. तेव्हा हा शब्द आमच्यापैकी कोणी वापरला नसता. आमच्यात उपासाच्या दिवशी बाई दोन वेळा भगर खाते, मधे रताळं खाते, केळं खाते, राजगिऱ्याचा लाडू खाते, चार कप चहा पिते, आणि संध्याकाळी शेजारीण आली की म्हणते, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. ती खोटं बोलत नसते. खाणं म्हणजे भाकर. खाणं म्हणजे पोळी, वरण-भात. ते नाही, तर खाल्लं नाही. ऐकणारीलाही हे माहीत असतं. म्हणून आजवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

ताट सारून ती उठली आणि तशीच पोट धरून खाली बसली. आधी आम्ही म्हणालो, वारा धरला असेल. ओवा दिला. मग ती उजव्या बाजूला हात लावू देईना, आणि घामाने भिजली. मुलाला दुकानातून बोलावलं. परतूरच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, अपेंडिक्स आहे, कधीही फुटेल, जालन्याला न्या, रस्त्यात कुठे थांबू नका.

शेजाऱ्याची गाडी काढली. सोयाबीनचे दिवस होते. लोकांनी अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं आणि वरून दगड लावून ठेवले होते. गाडी दगड चुकवायला वळली की सून कण्हायची. मुलगा प्रत्येक दगडाला शिवी देत होता. सून डोळे मिटून म्हणाली, "आत्याबाई, मोठ्या बाईंना फोन करा. उद्या न्हाई येत म्हणा." मी म्हणाले, "गप पड. शाळा कुठं पळून चालली न्हाई."

जालन्याच्या त्या दवाखान्यात धावपळ होती. ऑपरेशन करणारे डॉक्टर आत दुसऱ्या कोणावर काम करत होते. भूल देणारा डॉक्टर बाहेर आला. तरुण, काळासावळा, खाली दक्षिणेकडून आलेला. मराठी येत नव्हतं आणि हिंदीही धड नव्हतं. तो सिस्टरला इंग्रजीत काही सांगत होता आणि तिने ते सुनेला मराठीत विचारायचं, असं चाललं होतं. तेवढ्यात सिस्टरला दुसरीकडून हाक आली. सून स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाली, "सर, आय अंडरस्टँड इंग्लिश."

डॉक्टरला सुटल्यासारखं झालं. तो तिच्याजवळ आला, वाकला आणि हळू, नीट विचारलं, "हॅड यू इटन एनीथिंग बिफोर द पेन स्टार्टेड?"

मला त्यातलं हॅड आणि इटन कळलं. मी सुनेकडे बघितलं. दुखण्याने तिचा चेहरा पिळवटला होता, पण प्रश्न कानावर पडला तशी ती मान उचलून त्याच्याकडे बघायला लागली. तिचं क्रियापद आलं होतं.

"नो, सर," ती म्हणाली. "आय हॅड नॉट इटन."

"नथिंग?"

"नथिंग, सर. नवरात्र, सर."

डॉक्टरने मान हलवली. नवरात्र त्याला माहीत होतं. मुलाने इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं का म्हणून. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या लेकाने खरंच ऐकलं होतं. तो म्हणाला, "मॅडम शिकेल हायेत वाटतं." मुलगा म्हणाला, "टीचर हाये." मलाही बरंच वाटलं. एवढ्या दुखण्यात तिने नॉट बरोबर जागी घातलं होतं.

नंतर लोकांनी मला विचारलं, तुम्हाला कळत होतं तर तेव्हाच का बोलला नाहीत. आता काय सांगायचं? बोलण्यासारखं काही नव्हतंच. तो तिला विचारत होता खाल्लं होतं का, आणि तिने खाल्लं नव्हतं. त्याने मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. मराठीत विचारलं असतं तरी हेच.

त्यानंतर तिला आत नेलं, दार लागलं, आणि थोड्या वेळाने सिस्टर भगर घेऊन बाहेर आली.

उरलेलं ऑपरेशन त्यांनी पूर्ण केलं. करणं भागच होतं, आतलं फुटलं होतं. ते झाल्यावर तिला काचेच्या खोलीत नेलं आणि श्वासाच्या मशीनला लावलं. भूल देणारा डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते. तो आमच्यासमोर उभा राहून मोठ्याने बोलायला लागला. "मैंने पूछा था. मैंने खुद पूछा था. शी सेड नो." मुलगा उठून उभा राहिला. मला वाटलं आता मारामारी होते. मी मध्ये गेले.

"बराबर हाये," मी त्याला म्हणाले. "तुमने पूछा. उसने बोला. दोनों बराबर."

"तो ये क्या है?" त्याने हाताने पोटापासून तोंडापर्यंत खूण केली.

"भगर."

"भगर क्या है?"

मला हिंदीत भगर सांगता येईना. सिस्टर झगा बदलून आली होती. ती म्हणाली, "सर, बारीक चावल जैसा रहता है. उपवास में चलता है."

"चावल?" तो म्हणाला. "फास्ट में चावल?"

"चावल न्हाई, चावल जैसा."

तो खाली बसला, माझ्याच बाकड्यावर. मग म्हणाला की त्याची आई उपास धरते तेव्हा संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही. मी म्हणाले, "हमारे में बाई को काम रहता है." त्याला ते कळलं की नाही ठाऊक नाही. पण त्याचा आवाज खाली आला तो आलाच. तिशीचा असेल नसेल. त्याने विचारायचं ते विचारलं होतं आणि त्याला चोख उत्तर मिळालं होतं. मी त्याचं वाईट मानलं नाही. मुलाने काही दिवस मानलं.

दुसऱ्या दिवशी मंठ्याहून विहीण आली. तिची पिशवी खांद्यावरून उतरली नव्हती तेव्हाच तिने सुरू केलं.

"माझ्या लेकीला दुखत व्हतं अन् तुम्ही तिला भगर चारली, विहीणबाई?"

"आधी चारली. मंग दुखलं."

"पोटभर चारायची काय गरज व्हती?"

"म्हणजे पोटभर नव्हती चारायची? मंग तुम्ही गावभर सांगितलं असतं, सासू उपाशी मारती म्हणून."

"तिला नऊ दिवस झेपत न्हाईत, हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"नऊ दिवस तुमच्या घरून आलेत. आमच्यात उठता-बसता असतो."

 यावर ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिला रडू दिलं. ती तिच्या लेकीसाठी आली होती आणि लेक काचेच्या पलीकडे होती, तोंडात नळी, छाती मशीनबरोबर वर-खाली होत असलेली. माणूस शेजारच्याच माणसाशी भांडतो. दुसरं कोण हाती लागणार?

त्या दिवसांत आम्ही दोघी एकाच सतरंजीवर झोपलो. विहिणीचा उपास चालूच होता. तिने पिशवीतून साबुदाण्याचे वडे काढले. मी खालच्या टपरीवरून पोळी-भाजी आणून तिच्यासमोर ठेवली. म्हणाले, "हे खा. पायात जीव पाहिजे. देवीला मी सांगते." ती म्हणाली, "देवी तुमचं काय ऐकणार? तुम्ही तर दोनच दिवस धरता." पण पोळी तिने खाल्ली. वडे मी खाल्ले, ते बरे झाले होते.

तो डॉक्टर रोज यायचा. त्याचं काम एका दिवसाचं होतं. फुप्फुसाचं बघायला दुसरे डॉक्टर होते. तरी हा सकाळ-संध्याकाळ काचेशी येऊन उभा राहायचा, मशीनवरचे आकडे बघायचा. विहीण त्याला बघितलं की मराठीतून सुरू व्हायची. "आला बघा. बघून घे, बघून घे काय करून ठेवलंस ते. तुझ्या आईला सांग जाऊन." त्याला एक अक्षर कळायचं नाही. तो हात जोडून मान हलवायचा. एकदा त्याने मला विचारलं, "ये क्या बोल रही हैं?"

मी म्हणाले, "बोलती है, बैठो, चाय पियो."

तो बसला. मग विहिणीला थर्मासमधला चहा ओतून द्यावाच लागला. दिला तिने, पण कप त्याच्यासमोर असा आपटला की निम्मा बशीत. त्याने बशीतला आधी प्यायला. नंतर ती मला म्हणाली, "पोरगं वाळून चाललंय. ह्याला कुणी जेवायला विचारतं का न्हाई इथं?" दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्यासाठी साखर जास्त घालायला लागली. शिव्या मात्र चालू ठेवल्या.

मधे एक दिवस असा आला की फुप्फुसाचे डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन बोलले. ताप उतरत नाही, डावीपेक्षा उजवी बाजू जास्त भरली आहे, तयारी ठेवा. मुलगा बाहेर येऊन भिंतीला तोंड करून उभा राहिला. मी त्याला रडू नको म्हणाले नाही. मी विहिणीला काय सांगायचं याचा विचार करत होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलंच नाही. आम्ही दोघी काचेपाशी जाऊन उभ्या राहिलो. सुनेच्या पायाच्या अंगठ्याला वर्गात लेकरांना रंगवायला देतात तसला निळा रंग लागलेला होता. कोणी पुसला नव्हता. विहीण म्हणाली, "पोरी, ऊठ गं." मशीन चालू होतं.

ताप आपल्या मर्जीने उतरला. औषधांनी उतरला असेल, विहीण म्हणते देवीने उतरवला. मी त्या वादात नाही. दसरा होऊन गेला होता. एका सकाळी त्यांनी तिची नळी काढली आणि आम्हाला एकेकीला आत सोडलं. विहिणीला आधी जाऊ दिलं, तिचा हक्क होता. मग मी गेले.

सुनेचा आवाज घोगरा झाला होता, अर्धा शब्द हवेतच जायचा. मला बघून तिचे डोळे भरले. म्हणाली, "आत्याबाई, मीच सांगितलं त्यांना. माझ्याच तोंडानं."

"बरं मंग?"

"मराठीत विचारलं असतं तर नसतं झालं."

"मराठीतबी तेच सांगितलं असतंस," मी म्हणाले. "मीबी तेच सांगितलं असतं. तुझ्या आईनंबी. ह्या दवाखान्यात जेवढ्या बाया पडल्यात त्यांना आत्ता जाऊन विचार, उपासाच्या दिवशी काय खाल्तं. सगळ्या म्हणतील काही न्हाई."

"मला वाटलं, इंग्रजी आलं."

"आलंच की. तुझ्या मास्तरला मी फोन करून विचारलं. तो म्हणला, वाक्य बिलकुल बराबर होतं."

ती हसायला गेली आणि खोकला आला. इतका आला की सिस्टर धावत आली आणि मला बाहेर काढलं. बाहेर विहीण म्हणाली, "काय बोललात तिला?" मी म्हणाले, "काही न्हाई." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला बाकड्यावर जागा बदलून बसावं लागलं.

दिवाळीपर्यंत शाळेने दुसरी बाई घेतली होती. मोठ्या बाई घरी भेटायला आल्या, फळं घेऊन आल्या, वाईट वाटलं म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. लेकरांचा वर्ग किती दिवस रिकामा ठेवणार? पुढल्या वर्षी सुनेने दुसऱ्या शाळेत अर्ज केला आणि तिथे लागली. मंठ्याच्या रस्त्याला आहे ती शाळा. मुलाखतीला मी बरोबर गेले होते, पण बाहेर बसले. आत काय विचारलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग कामाचा राहिलेला नाही. थंडीत दम लागतो, जिना चढताना मधे थांबते. नवरात्रात ती आता सगळं खाते, भाकरीसकट. विहीण तिच्या वाटचे नऊ दिवस धरते आणि मला फोनवर ऐकवते. भूल देणारा डॉक्टर वर्षभराने त्याच्या गावाकडे गेला.

सून वाचली.